कानाने फ्रिक्वेन्सी कशी ओळखायची? मिक्सिंगसाठी कान तयार करण्याची पद्धत

एखादा आवाज ऐकून त्यातला कोणता भाग फुगला आहे, कोणता दबला आहे हे हर्ट्झच्या आकड्यात सांगता येणे, याला साऊंडच्या धंद्यात 'कान तयार असणे' म्हणतात. गाणे मिक्स करणाऱ्याला, मांडवात माईक सांभाळणाऱ्याला आणि गावातल्या वादकांचे रेकॉर्डिंग करणाऱ्यालाही हे लागते. ही दैवी देणगी नाही. रोज थोडा वेळ दिला तर काही महिन्यांत कामापुरते जमते.

उदाहरणासाठी आपण पालघर जिल्ह्यातले विवळवेढे घेऊ. मुंबईहून अहमदाबादकडे जाताना चारोटी ओलांडली की महामार्गालगत डहाणूच्या महालक्ष्मीचे मंदिर लागते, ते याच गावात. चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला, यात्रा सुरू होते आणि सुमारे पंधरवडा चालते. या दिवसांत तिथे पाळण्यांचे भोंगे, दुकानांचे स्पीकर, ढोल, घंटा आणि हायवेवरचे ट्रक एकाच हवेत वाजत असतात. हाच मुलूख वारली समाजाच्या तारप्याचाही आहे. अशा ठिकाणी तारप्याचा आवाज रेकॉर्ड करून तो गाण्यात नीट ऐकू येईल असा बसवायचा असेल, तर कोणता आवाज कुठल्या पट्ट्यात बसला आहे हे कानाला कळावेच लागते.

फ्रिक्वेन्सी म्हणजे काय?

एका सेकंदात हवेची जितकी कंपने होतात तितके हर्ट्झ. माणसाचा तरुण, निरोगी कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. हा पल्ला प्रचंड वाटतो, पण कान बेरजेने मोजत नाही, दुपटीने मोजतो. फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की एक सप्तक वर गेल्यासारखे वाटते. त्या हिशेबाने २० पासून २०,००० पर्यंत जेमतेम दहा सप्तके होतात. म्हणून १०० आणि २०० हर्ट्झमधला फरक कानाला मोठा वाटतो आणि १०,००० व १०,१०० मधला जवळजवळ कळतच नाही.

मिक्सिंगवाल्यांनी या दहा सप्तकांचे पट्टे ठरवून घेतले आहेत: ३१.५, ६३, १२५, २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८००० आणि १६,००० हर्ट्झ. कान तयार करणे म्हणजे सुरुवातीला एवढेच, की हे दहा शेजारी आवाजावरून ओळखायचे. मांडवातल्या ३१ पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरवर प्रत्येक सप्तकाचे आणखी तीन भाग केलेले असतात. ती पुढची यत्ता.

गाणाऱ्याचा कान आणि मिक्स करणाऱ्याचा कान

आपल्याकडे शास्त्रीय संगीत शिकलेल्या माणसाचा कान तयार असतोच, मग वेगळा अभ्यास कशाला, असे कुणी विचारेल. गायकाचा कान नाती ओळखतो. सा कुठेही ठेवा, त्यावरून पंचम बरोबर लागला की नाही हे तो सांगेल. मिक्स करणाऱ्याला मात्र ज्याला सूरच नाही अशा गोष्टीतही जागा ओळखावी लागते. ढोलाच्या थापेत धूसरपणा कुठला, गायिकेचा 'स' टोचतो तो कुठे, पावसाच्या आवाजात काय जास्त झाले आहे, हे प्रश्न सारेगमच्या बाहेरचे आहेत.

तरीही सुरांचा अभ्यास वाया जात नाही. सूर आणि आकडा यांची सांगड घालण्याची महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची कंपने मोजून १९१० मध्ये पुण्यात इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यासाठी किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचे गाणे त्यांनी आधाराला घेतले होते. खाँसाहेब गाणार, देवल तारेवर तोच सूर जुळवणार आणि तारेच्या लांबीवरून कंपनांचे गुणोत्तर काढणार. स्पेक्ट्रम दाखवणारा पडदा नव्हता, निर्णय शेवटी कानाचाच होता. देवलांचे काही निष्कर्ष पुढे वादात सापडले, पण 'ऐकलेले मोजून बघा' ही त्यांची रीत आजही कामाची आहे.

पेटीवर लपलेला नकाशा

पेटी वाजवणाऱ्यांसाठी एक सोयीची गोष्ट. मधल्या सप्तकातली पांढरी एक साधारण २६१.६ हर्ट्झची असते. तिच्या लगेच डावीकडची पट्टी म्हणजे खालच्या सप्तकातली पांढरी सात. ती वाजते २४६.९ हर्ट्झला, म्हणजे जवळपास २५० च्या पट्ट्यावर. तिथून एकेक सप्तक वर गेले की ४९३.९, ९८७.८, १९७५.५ आणि ३९५१ येतात. खाली गेले की १२३.५ आणि ६१.७. म्हणजे कुठल्याही सप्तकातली पांढरी सात दाबा, मिक्सरवरचा एक मोठा पट्टा एक-दोन टक्क्यांच्या फरकाने हाताशी येतो. वरचे आणि खालचे सूर पेटीत मावत नाहीत, पण कीबोर्डवर मिळतात.

गायकांच्या पट्ट्याही लक्षात ठेवाव्यात. पुरुष गायकाची काळी एक म्हणजे सुमारे १३८.६ हर्ट्झ, गायिकेची काळी चार म्हणजे सुमारे २०७.७. पाठ्यपुस्तकांत हिशेबाच्या सोयीसाठी सा २४० हर्ट्झ धरतात, मग गंधार ३०० आणि पंचम ३६० येतो. तोंडी गणिताला हे फार बरे पडते.

पेटीच्या सुरात एक अडचण मात्र आहे. पेटीची स्वरपट्टी फक्त २४६.९ वाजवत नाही. तिच्यासोबत तिची दुप्पट, तिप्पट, चौपट अशी कंपनेही उठतात. यांना अधिस्वर म्हणतात. म्हणून पट्ट्याचा निव्वळ चेहरा ओळखायला मोबाईलवरच्या टोन जनरेटरचा साधा सूर ऐकावा आणि मग तोच सूर पेटीवर ऐकावा. दोन्हींतला जो फरक ऐकू येतो, तेच अधिस्वर.

अधिस्वर ऐकायला शिकवणारे सर्वांत चांगले वाद्य तानपुरा आहे, असे माझे मत आहे. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा घासून जवारी काढतात आणि तारेखाली सुताचा धागा सरकवतात. धागा हलवत नेला की तीच तार कधी बंद, कधी खुली, झगझगीत ऐकू येते. तारेचा मूळ सूर बदललेला नसतो, वरच्या अधिस्वरांचा जोर बदललेला असतो. इक्वलायझर हेच काम बटणाने करतो. जोडीच्या तारा छेडताना मधूनच न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो खर्जाचा पाचवा अधिस्वर. तो ऐकू येऊ लागला की निम्मा अभ्यास झाला.

पट्ट्यांचे चेहरे

६३ च्या आसपासचा आवाज कानापेक्षा छातीला कळतो. डीजेच्या गाडीजवळून जाताना शर्ट हलतो तो याने. १०० हर्ट्झचा नमुना फुकट मिळतो: रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर. आपली वीज ५० हर्ट्झची, पण ट्रान्सफॉर्मरचा गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला-आकसला जातो, म्हणून त्याची घुंघुं १०० ला येते. रेकॉर्डिंगमध्ये गुणगुण आली तर ती ५० ची की १०० ची हे आधी ठरवावे. ५० ची असेल तर बहुधा केबल किंवा अर्थिंग तपासायला लागते.

२५० जास्त झाला की माठात तोंड घालून बोलल्यासारखे वाटते. ५०० वाढला की आवाज पत्र्याच्या डब्यातून येतो. डासाची गुणगुण साधारण ४०० ते ६०० मध्ये असते. टीव्हीवर शिवी झाकायला वाजणारा 'टूं' बहुतेक वेळा १००० हर्ट्झचा असतो आणि या पट्ट्याचा अतिरेक आवाज नाकातून आणतो. जुना टेलिफोन सुमारे ३०० ते ३४०० एवढाच पल्ला पोहोचवायचा, तरी माणूस ओळखू यायचा. शब्द कळायला किती थोडे लागते ते यावरून दिसते.

२००० ते ४००० हा सगळ्यांत नाजूक पट्टा. कानाची नळीच या भागात आवाज वाढवते, त्यामुळे इथे थोडे जास्त झाले तरी टोचते आणि थोडे कमी झाले की शब्द पुसट होतात. त्याच्या वर ८००० पर्यंत ऊष्मे आणि टाळांचा कणखरपणा, आणि १०,००० च्या पुढे झांजेची झिलई. आकाशवाणीच्या मध्यम लहरींवर ही झिलई पोहोचतच नाही, एफएमवर १५,००० पर्यंत येते. तेच गाणे दोन्हीकडे ऐकून बघा.

बाराखडीने शिकणे

मराठी माणसाच्या तोंडात एक इक्वलायझर बसवलेलाच आहे. ऊ, ओ, आ, ए, ई हे स्वर क्रमाने म्हणा, पण गळ्यातून आवाज न काढता कुजबुजत. सूर नसल्याने फक्त तोंडाच्या पोकळीचा आकार ऐकू येतो आणि तो पायरीपायरीने वर चढतो. ध्वनितंत्र शिकवणारे हीच शिडी वापरतात. सपाट सळसळीच्या आवाजात २५० वाढवला तर त्यात 'ऊ'ची छटा येते, ५०० ला 'ओ', १००० ला 'आ', २००० ला 'ए' आणि ४००० ला 'ई'. हे तंतोतंत मोजमाप नव्हे, पण पहिल्या आठवड्यात याच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही.

व्यंजनांचाही उपयोग होतो. 'श' आणि 'स' पाठोपाठ लांबवून म्हणा. 'श'ची सळसळ साधारण ३००० च्या आजूबाजूला जमते, 'स'ची ५००० च्या वर जाते. मराठीत तर एकाच अक्षरात हे दोन्ही सापडतात: 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च. लिहिताना दोन्ही सारखे, पण 'चाक'चा दंत्य च वरच्या पट्ट्यात फुटतो. निवेदकाच्या आवाजातला 'स' कापायचा की 'श', हे ठरवताना हा फरक कामी येतो. हिंदीभाषक सहकाऱ्याला दंत्य च समजावताना नाकी नऊ येतात, आपल्याला तो आयता मिळाला आहे.

सराव कसा करायचा?

मोफत मिळणारे ऑडॅसिटी पुरेसे आहे. त्यात गुलाबी सळसळ तयार करता येते. प्रत्येक सप्तकात सारखीच ऊर्जा असणारा हा आवाज दूरच्या धबधब्यासारखा लागतो. त्यावर एकेका पट्ट्याला १२ डेसिबलचा उठाव देऊन फायली बनवा, आवाजाची एकूण पातळी सारखी करून घ्या (नाहीतर कान 'मोठा म्हणजे चांगला' अशी लबाडी करतो) आणि त्या उलटसुलट क्रमाने वाजवा. शक्यतो दुसऱ्या कुणाला वाजवायला सांगा. मूळ आवाज, बदललेला आवाज, पुन्हा मूळ, आणि मग उत्तर. आकडा मोठ्याने बोलायचा.

आधी तीनच पट्टे घ्यावेत: २५०, १००० आणि ४०००. दहापैकी नऊ वेळा बरोबर येऊ लागले की मधले भरत जावे. मग उठाव ६ डेसिबलवर, पुढे ३ वर आणावा. नंतर सळसळ सोडून ओळखीचे गाणे घ्यावे. शेवटी उठावाऐवजी खड्डे ओळखावेत. खड्डा ओळखणे उठावापेक्षा नेहमीच कठीण जाते, कारण नसलेली गोष्ट कानाला सहज जाणवत नाही. रोज १०-१५ मिनिटे भरपूर झाली, एका रविवारी तीन तास बसून काही होत नाही. दमलेला कान खोटे बोलतो.

या शिक्षणाला जगात रीतसर इतिहास आहे. पोलंडमध्ये वॉर्सा इथल्या शॉपेन संगीत अकादमीत १९७० च्या दशकात असा अभ्यासक्रम सुरू झाला. जेसन कोरी यांचे याच विषयावरचे पुस्तक २०१० मध्ये आले. हार्मन कंपनीने आपल्या श्रोत्यांच्या प्रशिक्षणासाठी केलेले 'हाऊ टू लिसन' हे सॉफ्टवेअर मोफत उपलब्ध करून दिले.

दोन सावधगिऱ्या. मोबाईलच्या स्पीकरवर खालचे पट्टे वाजतच नाहीत, तेव्हा खर्जाचा सराव हेडफोनशिवाय करू नये. आणि स्पेक्ट्रमचा आलेख आधी पाहू नये. पडद्यावर डोंगर दिसला की कान काम करणे थांबवतो. आधी अंदाज, मग आलेख.

बरेच जण इक्वलायझरचा एक पट्टा खूप उचलून डावी-उजवीकडे फिरवतात आणि वाईट वाटेल तिथे कापतात. गरजेला ठीक आहे, पण एवढा उचलल्यावर प्रत्येकच जागा वाईट वाटते. आधी कानाने जागा सांगून मग ती तपासायला ही युक्ती वापरली तरच त्यातून शिकणे होते.

तारपा मिक्स करताना

आता तारप्याकडे वळू. वाळवलेल्या दुधीच्या पोकळीत बांबूच्या दोन नळ्या, त्यांत जिभल्या, सांधे मेणाने बंद केलेले आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. काही तारपे माणसाहूनही लांब असतात. वादक श्वास न तोडता वाजवतो आणि नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा हे या वाद्याचे नामवंत वादक.

जिभलीचे वाद्य म्हणजे अधिस्वरांची खाण. समजा एखाद्या तारप्याचा चालू सूर २२० हर्ट्झ मोजला, तर ४४०, ६६०, ८८० अशी रांग वर हजारांपर्यंत जाते. तारप्याची ओळख पटवणारी ती घरघर मुख्यतः या वरच्या रांगेत असते. कीबोर्ड, गिटार आणि गायकाचे शब्दही १००० ते ४००० मध्येच दाटीवाटीने बसतात. जोराचा आवाज शेजारच्या पट्ट्यातल्या हळू आवाजाला झाकतो, याला आच्छादन म्हणतात. मग मिक्स करणारा तारप्याचा एकूण आवाज वाढवतो, तो कर्कश होतो, म्हणून पुन्हा कमी करतो, आणि शेवटी मागे कुठेतरी गुणगुणणारा तारपा उरतो. लग्नाच्या गाण्यांत अनेकदा असेच ऐकू येते. ऐकणाऱ्या नव्या पिढीला वाटते तारपा असाच असतो.

उपाय साधा आहे. तारप्याला हात लावण्याआधी कीबोर्डमध्ये त्याच जागी दोन-तीन डेसिबलचा रुंद खड्डा करावा. जागा नेमकी कोणती, हे त्या त्या तारप्यावर अवलंबून आहे. प्रत्येक दुधी वेगळा, प्रत्येक कर्णा वेगळा. तयार प्रीसेट इथे उपयोगाचा नाही. माईक कर्ण्याच्या तोंडासमोर ठेवला तर भरीव आवाज मिळतो, जिभल्यांजवळ नेला की घरघर आणि श्वास वाढतो. दोन्ही ठिकाणी रेकॉर्ड करून ऐकावे.

नाचातला ठेका आणि पावलांचा धब्ब हे खाली ६० ते २०० मध्ये येतात. डीजेचा बेस तिथेच असतो. बेस थोडा आवरला की नाच ऐकू येतो, पण हे गिऱ्हाइकाच्या गळी उतरवणे इक्वलायझरपेक्षा अवघड.

विवळवेढ्याच्या परिसरात रेकॉर्डिंग करणाऱ्याला हायवेचाही विचार करावा लागतो. ट्रकच्या इंजिनाची घरघर खालच्या पट्ट्यांत असते, ती ८०-१०० च्या खाली फिल्टर लावून बरीच जाते. टायरचा सळसळाट मात्र १००० च्या आसपास सर्वांत जास्त असतो, म्हणजे तारप्याच्या अगदी अंगावर. तो कापला की वाद्यही कापले जाते. त्यामुळे जागा बदलणे, डोंगराच्या आडोशाला जाणे हाच खरा इलाज. संध्याकाळी रातकिडे सुरू होतात, त्यांची अनेकदा ४००० ते ५००० मध्ये बारीक रेघ उमटते. ती राहू द्यावी असे मला वाटते.

माईकची शिट्टी

मांडवात या कौशल्याची परीक्षा एका सेकंदात होते. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो, आणि ज्या फ्रिक्वेन्सीला हा फेरा वाढतच जातो तिची शिट्टी वाजते. घाबरून मुख्य आवाज कमी केला की निवेदकही गप्प होतो. कान तयार असलेला माणूस 'हूं' ऐकून २५०-३१५ कडे आणि 'कीं' ऐकून २५००-३१५० कडे हात नेतो, तेवढीच पट्टी ३ डेसिबल खाली ओढतो. गर्दी जमण्याआधी माईक हळूहळू वाढवून पहिल्या दोन-तीन शिट्ट्या शोधून ठेवल्या तर पुढचा कार्यक्रम निभावतो.

कान किती दिवस टिकणार?

अमेरिकेतील कामगार आरोग्य संस्था नायॉशच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास काम करता येते. दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटे. डीजेच्या भिंतीजवळ उभा असलेला पोरगा रात्रभर याच्या कितीतरी पुढे असतो. मोठ्या आवाजाने कान जातो तेव्हा पहिली झीज बहुधा ३००० ते ६००० मध्ये, विशेषतः ४००० च्या आसपास होते. शब्दांची धार, जिभलीची घरघर, माईकची शिट्टी जिथे ओळखायची तोच हा पट्टा. तो गेलेला माणूस नकळत सगळ्या गाण्यांत ४००० वाढवत राहतो आणि बाकीच्यांना ती गाणी टोचतात. गेलेल्या केसपेशी परत उगवत नाहीत. कानात घालायचे फोमचे बोळे काही रुपयांना मिळतात. ते नीट पिळून आत बसवले तर आवाज बराच उतरतो, पण वरचे पट्टे जास्त दबतात, म्हणून ते घालून इक्वलायझर लावू नये. आधी कमी आवाजात जुळवाजुळव करावी आणि कार्यक्रम सुरू झाला की बोळे घालावेत. वर्षातून एकदा कानाच्या डॉक्टरांकडे ऑडिओग्राम काढून घ्यावा. त्यावरही हेच आकडे असतात: २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८०००.